माहिती कोणाची, निर्णय कोणाचा? नीरेचा पाट, प्रवरेचा कारखाना आणि उजनीचा ऊस

१/ गळीत हंगामात टेंभुर्णीच्या चौकात थोडा वेळ उभे राहा. पुण्याकडून सोलापूरला जाणारा महामार्ग, एका बाजूला अकलूजचा रस्ता, दुसऱ्या बाजूला कुर्डुवाडीचा. तिन्हीकडून उसाच्या ट्रॉल्या येत असतात. आता एक आकडा लक्षात घ्या. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पाटपाण्यावरच्या उसाची तहान दोन हजार मिलिमीटरच्या घरात जाते. मग इथे ऊस लावण्याचा निर्णय कोणी घेतला? आणि कोणत्या माहितीच्या आधारावर? आजचा धागा या दोन प्रश्नांचा आहे.

२/ उद्योगांचा इतिहास आपण बहुधा भांडवलाच्या अंगाने वाचतो : पैसा कोणी घातला, यंत्रे कोठून आली, नफा किती झाला. परंतु प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी कोणाला तरी काहीतरी ठाऊक असते आणि कोणाला तरी ते ठाऊक नसते. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यात गेल्या दीडशे वर्षांत जे घडले, ते या दृष्टीने पाहिले की ओळखीचा इतिहास निराळाच दिसू लागतो.

३/ आरंभ दुष्काळापासून. १८७६ ते १८७८ या काळातील महादुष्काळाने दख्खन होरपळली. सोलापूर जिल्हा त्याच्या ऐन तडाख्यात होता. आष्टीच्या तलावासारखी कामे त्याच दुष्काळात, पोटासाठी खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या माणसांच्या हातून उभी राहू लागली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने रेल्वे आणि पाटबंधारे या दोन उपायांवर भर दिला. भाटघरला धरण बांधायचे आणि नीरेचे पाणी डाव्या कालव्याने बारामती, इंदापूरकडे न्यायचे, ही योजना याच विचारातून पुढे सरकली. १८८५ च्या सुमारास कालव्यात पाणी खेळू लागले.

४/ सरकारी अभियंत्यांचा हिशेब बिनचूक होता. नदीला येणारे पाणी त्यांनी मोजले होते, उतार मोजला होता, भिजणारे क्षेत्र मोजले होते. कोरड्या मुलखात पाणी आले की शेतकरी ते घेणारच, मग पाणीपट्टी येईल आणि कालव्याचा खर्च हळूहळू निघेल, असा अंदाज होता. घडले उलटेच. पाऊस बरा झाला की पाण्याला गिऱ्हाईक नसे. पाऊस हुकला की सारेच एकदम पाणी मागत, आणि तेवढे पाणी कालव्यात नसे.

५/ अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांत याचा दोष वारंवार शेतकऱ्याच्या अज्ञानाला दिलेला आढळतो. शेतकरी मात्र आपल्या हिशेबाने अगदी शहाणपणाने वागत होता. काळ्या, खोल जमिनीत परतीच्या पावसाची ओल महिनोन्‌महिने टिकते. तिच्यावर रब्बीची शाळू ज्वारी एकाही पाण्याशिवाय येते. पाणी घ्यायचे तर पट्टी भरावी लागे, रान सपाट करावे लागे, खत आणि मजूर वाढवावे लागत. एवढे करून ज्वारीचे उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नसे. म्हणून तो पाणी घेत नव्हता.

६/ अभियंत्याला नदी कळत होती, शेतकऱ्याला जमीन कळत होती. दोघांची माहिती खरी होती, फक्त ती एकत्र आणणारी जागा कोठेच नव्हती. लाखो रुपयांचा निर्णय एका बाजूच्या माहितीवर झाला आणि म्हणून वर्षानुवर्षे फसत राहिला.

७/ या कोंडीवर उतारा शोधला तो पुण्यात कार्यकारी अभियंता म्हणून काम करणाऱ्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ आखली. ठरावीक क्षेत्राचा एक गट पाडायचा, त्याला अनेक वर्षांच्या कराराने पाण्याची हमी द्यायची, आणि त्या गटातील साधारण एक तृतीयांश क्षेत्रावर आळीपाळीने ऊस घेऊ द्यायचा. पाणी ऐनवेळी मिळेल की नाही, ही शेतकऱ्याची खरी चिंता होती. विश्वेश्वरय्यांनी ती ओळखली आणि कराराने दूर केली. पाण्याच्या नियमात शेतकऱ्याच्या मनातील हिशेब प्रथमच धरला गेला तो इथे.

८/ पण पाण्याची हमी मिळाली म्हणून ऊस आपोआप येत नाही. बागायत ही वेगळी विद्या आहे. दोन पाळ्यांत किती अंतर ठेवावे, पेंड केव्हा आणि किती घालावी, खोडवा कोणत्या रानात ठेवावा, चोपण जमीन कशी ओळखावी, हे जिरायती गावांना अवगत नव्हते. ते अवगत होते सासवड परिसरातील माळी समाजाच्या शेतकऱ्यांना. विहिरीच्या मोटेवर मळे पिकवण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या.

९/ ही कुटुंबे कालव्यांच्या मागोमाग निघाली. नीरेच्या काठी, पुढे गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर, नंतर माळशिरस तालुक्यात. स्वतःची जमीन नसलेल्या मुलखात ती गेली, स्थानिक शेतकऱ्यांकडून खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळे घातली. त्यांच्या गाठीला पैसा बेताचाच असेल, पण हातातील विद्या हेच त्यांचे भांडवल होते.

१०/ गुऱ्हाळावरच्या गुळव्याचे उदाहरण घ्या. काहिलीत रस उकळत असतो. तो कोणत्या क्षणी उतरवायचा, हे गुळव्या बुडबुड्यांच्या आकारावरून, रंगावरून, वासावरून, पाण्यात टाकलेल्या थेंबाच्या गोळीवरून ठरवतो. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर ढेप धरत नाही. ही विद्या कोणत्या पुस्तकात नव्हती. तिला बाजारात भाव होता, कारण ढेपेचा भाव तिच्यावरच ठरे.

११/ १९२९ नंतर जागतिक मंदी आली आणि गुळाचे भाव कोसळले. उत्तम गूळ करण्याची विद्या हाती असूनही ती पोट भरीना. याच काळात दुसरी एक माहिती दिल्लीहून येत होती. जावाहून येणाऱ्या स्वस्त साखरेपुढे देशी उद्योग टिकत नाही, म्हणून आयातीवर संरक्षक जकात लावावी, अशी शिफारस टॅरिफ बोर्डाने केली आणि १९३२ मध्ये साखर उद्योग संरक्षण कायदा झाला. परिणाम झपाट्याने दिसला. देशातील आधुनिक साखर कारखान्यांची संख्या तीसेकवरून पाचसहा वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेली.

१२/ ज्यांनी ही बातमी वेळेवर वाचली आणि तिचा अर्थ लावला, त्यांनी इतिहास घडवला. सासवडच्या माळी बागायतदारांनी १९३२ मध्ये स्वतःची भागभांडवली कंपनी काढली : ‘दि सासवड माळी शुगर फॅक्टरी’. टेंभुर्णीहून अकलूजला जाताना लागणारे माळीनगर ते हेच. ऊस पिकवणारेच कारखान्याचे भागधारक, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती. गूळ विकणाऱ्याने साखरेचा निर्णय घेतला, आणि तोही दुसऱ्याच्या कारखान्याला ऊस घालण्याऐवजी कारखानाच काढण्याचा.

१३/ त्याच टापूत आणखी दोन नावे उभी राहत होती. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांचा वालचंदनगर प्रकल्प इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर आकार घेत होता. बोगदे, पूल आणि जलवाहिन्यांची मोठी कंत्राटे पार पाडलेला हा माणूस शेतीकडेही बांधकामाच्या नजरेने पाहत होता : सलग जमीन, यंत्रे, स्वतःचे रस्ते, स्वतःची वसाहत. दुसरे चंद्रशेखर आगाशे. त्यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केले आणि श्रीपूरला कारखाना उभा राहिला. टेंभुर्णीपासून ही तिन्ही ठिकाणे काही फार दूर नाहीत.

१४/ इथवरची गोष्ट हुशारीची आणि यशाची वाटेल. परंतु तिला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. या कारखान्यांना सलग क्षेत्र हवे होते. ते कोठून आले? बहुतांशी स्थानिक जिरायत शेतकऱ्यांकडून, दीर्घ मुदतीच्या खंडपट्ट्यांनी. ज्याच्या रानात वर्षाला चार पोती ज्वारी होत होती, त्याला ठरावीक रोख खंड हा मंदीच्या दिवसांत आधार वाटला. त्याने अंगठा उठवला.

१५/ करार होताना टेबलाच्या दोन बाजूंना दोन प्रकारची माहिती बसलेली होती. कंपनीला ठाऊक होते की कालव्याचे पाणी आले की याच जमिनीचे मोल अनेक पटींनी वाढणार आहे. शेतकऱ्याला ठाऊक होते ते मागच्या दहा वर्षांच्या ज्वारीचे पीक. करार कायद्याने वैध होता, कोणी खोटे बोललेच असेल असेही नाही. तरीही एका पक्षाला भविष्य दिसत होते आणि दुसऱ्याला केवळ भूतकाळ.

१६/ पुढे काय झाले ते पाहा. १९६१ च्या जमीनधारणा कमाल मर्यादा कायद्याने कंपन्यांकडील जमिनी सरकारकडे गेल्या. १९६३ मध्ये त्या कसण्यासाठी महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. मूळ मालक ‘खंडकरी’ या नावाने ओळखले जाऊ लागले. आपली जमीन परत मिळावी म्हणून त्यांनी अर्धे शतक मोर्चे काढले, दावे लढवले. अहमदनगर जिल्ह्यात हा लढा मोठा होता, तसाच माळशिरस आणि इंदापूर तालुक्यांतही होता. प्रत्यक्ष जमीनवाटपाला गती आली ती २०१२ च्या सुमारास. अंगठा आजोबांनी उठवला होता, सात-बारा नातवाच्या हाती पडला.

१७/ आता आपण उत्तरेला, प्रवरेच्या काठी जाऊ. कारण टेबलाच्या दोन बाजूंची माहिती एकाच बाजूला आणण्याचा प्रयत्न तिथे झाला. लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे औपचारिक शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले होते. पण १९२३ मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी उभी केली होती आणि दोन दशके ती चालवताना कोणाचे कर्ज का थकते, कोणाच्या शब्दाला किती वजन आहे, सावकाराचे व्याज कोणत्या महिन्यात गळ्याशी येते, याचा अभ्यास त्यांच्या अनुभवात साठला होता.

१८/ दुसरे नाव धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजमध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. या संस्थेचे वैशिष्ट्य असे की तिचे संशोधक ग्रंथालयात बसून राहिले नाहीत. वाई तालुक्यातील शेतीचा हिशेब, पुण्याच्या फळबाजाराची उलाढाल, शहरातील कुटुंबांची मिळकत, हे सारे त्यांनी दारोदार जाऊन नोंदवले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे गावांत नेमके काय बदलले, याची त्यांनी पाहणी केली आणि १९४८ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला.

१९/ त्या पाहणीचा प्रश्न साधा होता, पण तोवर असा क्वचितच कोणी विचारला होता. कालव्याचा फायदा सरकारी तिजोरीत जमा होणाऱ्या पाणीपट्टीने मोजायचा, की गावातील मजुराला मिळालेल्या कामाने, व्यापाऱ्याच्या वाढलेल्या उलाढालीने, शेतकऱ्याच्या खर्चाउत्पन्नाने? प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष अशा दोन्ही फायद्यांची मोजदाद त्यात केली होती. चौथ्या नोंदीतील अभियंत्यांचा हिशेब आठवा. जी रकाने त्यांच्या वहीत नव्हती, तीच इथे आखली गेली.

२०/ डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर इथे दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. बागायतदारांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचा साखर कारखाना काढावा, हा विचार तिथे बळावला. विखे पाटील गावोगाव भागभांडवल गोळा करत फिरले. सहकारी चळवळीचे ज्येष्ठ नेते आणि मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळातील वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. १९४८ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि १९५० चे वर्ष सरताना प्रवरानगरचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील.

२१/ या जोडीकडे आपण बहुधा भाविकतेने पाहतो. त्याऐवजी त्यांच्यातील कामाची वाटणी पाहावी. यंत्रसामग्रीचे कर्ज कोणत्या अटींवर परवडेल, घसारा कसा धरायचा, भाग आणि उसाचे क्षेत्र यांचे प्रमाण काय असावे, हे पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञाला कळत होते. कोणता शेतकरी शब्द पाळील, कोणाला आधी भेटावे, कोणत्या गावात जुने भांडण आड येईल, हे लोणीच्या शेतकऱ्याला कळत होते. दोन्ही माहिती संचालक मंडळाच्या एकाच मेजावर आल्या. नीरेच्या कालव्याला साठ वर्षांपूर्वी जे साधले नव्हते, ते इथे साधले.

२२/ सहकारी रचनेचा एक बारकावा तरुण अभ्यासकांनी अवश्य समजून घ्यावा. तोडलेला ऊस थांबत नाही. दिवस उलटला की त्यातील साखर घटू लागते. म्हणून कोणत्या फडाला केव्हा तोड द्यायची, हा कारखान्याचा रोजचा निर्णय असतो आणि त्यासाठी लावणीची तारीख, जात, रान, रस्ता यांची नोंद लागते. शेतकरी सभासद असला तर ही नोंद खरी देण्यात त्याचे हित असते, कारण कारखान्याचा उतारा वाढला तर अंतिम दर त्यालाच मिळतो. मालकी वाटली गेली, तेव्हा माहितीही वाटली गेली.

२३/ योगायोग पाहा. १९४५ याच वर्षी, बेलापूरच्या परिषदेच्या तीनच महिने आधी, फ्रीड्रिख हायेक यांचा समाजातील ज्ञानाच्या वापरावरचा प्रसिद्ध निबंध अमेरिकेत छापला गेला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अर्थव्यवस्थेला लागणारे ज्ञान एका जागी नसते. ते असंख्य माणसांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असते, आणि कोणताही मध्यवर्ती नियोजक ते सारे गोळा करू शकत नाही. बाजारातील किंमत हीच ते ज्ञान एकमेकांपर्यंत पोचवते. बेलापूरला जमलेल्या बागायतदारांना हा निबंध ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण अडचण त्यांनी तीच ओळखली होती. त्यांचे उत्तर मात्र निराळे होते, कारण गुळाच्या किमतीने त्यांना नुकतेच बुडवले होते. विखुरलेले ज्ञान एकत्र आणण्यासाठी त्यांनी सभासदत्वाचा मार्ग धरला.

२४/ मोजलेल्या माहितीने देशाचे धोरण कसे बदलते, याचेही उदाहरण याच वर्तुळातून मिळते. रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. ७५ जिल्हे, ६०० गावे, सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीत गाडगीळही होते. १९५४ च्या अहवालातील एक आकडा साऱ्यांना हादरवून गेला. पन्नास वर्षे सहकारी कायदे असूनही ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा शेकडा ३.१ इतकाच होता. सावकारांचा वाटा शेकडा सत्तरच्या आसपास.

२५/ हा आकडा सहकाराचा मृत्युलेख ठरू शकला असता. समितीने त्याचा अर्थ उलट लावला : सहकार दुबळा आहे, कारण त्याला बळकट भांडवल आणि बँकिंगचा आधार कधी मिळालाच नाही. म्हणून शासनाने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे. इंपीरियल बँकेचे रूपांतर १९५५ मध्ये स्टेट बँकेत झाले ते याच शिफारशींच्या प्रवाहात. महाराष्ट्रात शासकीय भागभांडवलाच्या आधाराने सहकारी कारखान्यांची रांग लागली आणि अकलूजचा सहकारी कारखाना उभा राहिला तोही याच लाटेत. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की आकडे स्वतः काही बोलत नाहीत. ३.१ या एकाच आकड्यातून दोन परस्परविरोधी निर्णय निघू शकत होते.

२६/ आता पुन्हा टेंभुर्णीला येऊ. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातील ६० हून अधिक टीएमसी मृतसाठा. माढा, मोहोळ, पंढरपूर तालुक्यांतील कोरडवाहू रानांत पाणी आले. चाळीस वर्षांपूर्वी रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या घरांतील मुले अभियंते झाली, डॉक्टर झाली, ती उसाच्या पैशावर. हे विसरून उसावर टीका करणे सोपे असते आणि अन्यायाचेही असते.

२७/ पण माहितीचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. राज्य शासनाने १९८७ मध्ये आठमाही पाणीवाटपाचे धोरण स्वीकारले, म्हणजे पाणी अधिक शेतकऱ्यांपर्यंत जावे आणि बारमाही पिकांवर मर्यादा यावी. १९९९ मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने पाण्याची तूट असलेल्या उपखोऱ्यांत उसासारख्या पिकांवर बंधन घालण्याचे सुचवले. अहवाल छापले गेले, आकडे सर्वांसमोर होते. ऊस वाढतच गेला, कारखानेही वाढत गेले. २०१२–१३ च्या दुष्काळात उजनीचा साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला, आणि टँकरची वाट पाहणारी गावे धरणाच्याच जिल्ह्यात होती.

२८/ १८८५ मध्ये माहिती अपुरी होती म्हणून निर्णय चुकला. २०१३ मध्ये माहिती पुरेशी होती, तरीही निर्णय झाला नाही. का? कारण एकेकट्या शेतकऱ्यासाठी ऊस हाच शहाणपणाचा निर्णय होता. ज्याला हमीचा भाव आहे, ज्याला खरेदीदार ठरलेला आहे, जो वादळवाऱ्यात तग धरतो, असे दुसरे पीक त्याला कोणी दिले नव्हते. खोऱ्याचा हिशेब आणि बांधाचा हिशेब पुन्हा एकदा वेगवेगळ्या वह्यांत पडले. कालव्याच्या पहिल्या दिवसांतील तीच फारकत आता दिशा बदलून आली : तेव्हा पाणी होते आणि मागणी नव्हती, आता मागणी आहे आणि पाणी नाही.

२९/ आणखी एक बोच सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. आज उसाचा शेतकरी कारखान्याच्या दारात उभा असतो, तेव्हा त्याच्या मनात दोन शंका असतात : वजनकाटा खरा आहे का, आणि उतारा खरा सांगतात का. ‘काटामारी’ हा शब्द ऊसपट्ट्यातील पोरालाही ठाऊक आहे. सभासद हा मालक, म्हणून माहिती त्याच्यासमोर उघडी, हे प्रवरेचे मूळ तत्त्व होते. जिथे मालकालाच आपल्या वहीवर विश्वास उरत नाही, तिथे संस्थेचे नाव सहकारी राहते, आशय निघून जातो. ऊसतोड मजुराला तर या वहीत रकानाच नाही. तो टोळीतून येतो, मुकादमाच्या उचलीचा हिशेब मुकादमाच्याच डायरीत असतो.

३०/ म्हणून इतिहास वाचताना एक सवय लावून घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. कोणत्याही उद्योगाची, संस्थेची कथा समोर आली की विचारावे : निर्णय झाला तेव्हा कोणाला काय ठाऊक होते? ज्याला ठाऊक होते त्याला मत होते का? आणि ज्याचे नुकसान झाले, त्याची माहिती कोणत्या कागदावर उतरली होती? नीरेचा पाट, माळीनगर, खंडकऱ्यांचे करार, प्रवरानगर, उजनी, ही सारी या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे आहेत.

३१/ आणि एक विनंती. तुमच्या घरात जुन्या गुळाच्या पट्ट्या, आडतीच्या पावत्या, खंडपट्ट्याचे कागद, पाणीपट्टीच्या पावत्या, सोसायटीची पासबुके असतील. अडगळ म्हणून ती रद्दीत घालू नका. कारखान्यांचे वार्षिक अहवाल ग्रंथालयांत कोठेतरी सापडतात, पण आजोबांनी कोणत्या भावाने गूळ विकला आणि कोणत्या खंडाने रान दिले, हे त्या एका चिठोऱ्याखेरीज कोठेच सापडणार नाही. वर ज्या दुसऱ्या बाजूविषयी लिहिले, तिचा इतिहास याच चिठोऱ्यांतून लिहिला जाणार आहे. कागदाचा स्वच्छ फोटो काढा, मागे गाव आणि साल लिहा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्याची गोष्ट विचारून ठेवा.

३२/ चौकातील तिसरा रस्ता आपण आज घेतला नाही. कुर्डुवाडीचा. तिथून १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी रुळांच्या रुंदीपेक्षा प्रत्येक आसावर पडणाऱ्या भाराचा हिशेब महत्त्वाचा मानला, आणि त्या एका जाणिवेवर एक सबंध रेल्वे उभी केली. त्याविषयी पुढील धाग्यात.

धागा समाप्त.